सरांची जीभ आणि आबांचा सोडा

खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा सरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं काय म्हणून चौकशीही केली नाही. आत गेले, बशीत चमचाभर कोरडा भात घेऊन आले आणि म्हणाले, "हा तोंडात घाला. मी सांगेपर्यंत गिळायचा नाही."

मी पालीची. डी.फार्म. करून रत्नागिरीत स्टँडजवळच्या एका मेडिकल दुकानात नुकतीच लागले होते. दोन हजार एक साल असेल. रोज एस.टी.ने ये-जा करून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून खोली शोधत होते. खोली मिळणार असेल तर भात काय, मी भुसाही चावला असता. चावत बसले. सर घड्याळाकडे बघत समोर उभे.

"आता कसा लागतोय?"

"गोड."

"साखर घातली होती?"

"मला काय माहीत? भात तुम्ही आणलात."

त्यांना हे उत्तर आवडलं असावं. म्हणाले, "नव्हती. तुमच्या लाळेतल्या एन्झाइमने भातातल्या पिष्टाची साखर केली. ती चव ताटात नव्हती, तुम्ही तोंडात तयार केलीत." आतून काकूंचा आवाज आला, "अहो, ती मुलगी खोली बघायला आलीय. तिला भात कसला चारताय?" पण तोवर खोली माझी झाली होती. पुढे कळलं की माझ्याआधी एक ग्रामसेवक येऊन गेला होता आणि त्याने भात पटकन गिळून टाकला होता. "ज्याला भात चावायला सवड नाही तो नळ काय नीट बंद करणार?" असं म्हणून सरांनी त्याला परत पाठवलं होतं.

सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण शिकवणं काही थांबलं नव्हतं. पुस्तकात ज्याला विकर म्हणतात त्याला ते एन्झाइमच म्हणायचे, आणि घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायचे. "आज लाळेतली मंडळी सुस्त आहेत." "नाकातल्यांनी काम लवकर उरकलं." पहिले काही दिवस मला वाटायचं, ह्यांच्याकडे पाहुणे आलेत.

नाकाचं त्यांचं एक वेगळंच प्रकरण होतं. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावर थांबायचे, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. यजमान "या, बसा" म्हणत ताटकळलेला. सरांचं म्हणणं असं की वास नाकात शिरला की तिथली एन्झाइमं त्याची मोडतोड करायला घेतात, त्यामुळे पहिला श्वास काय तो खरा, पुढचे सगळे शिळे. एकदा गल्लीतल्या एका घरी कुणी वारलं म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो. दारात माणसं मान खाली घालून बसलेली. सर उंबऱ्यावर थांबले, डोळे मिटले. काकूंनी मागून त्यांचा सदरा ओढला. सर म्हणाले, "आत दूध करपतंय." आतल्या दोघी-तिघी उठून धावल्या, तर खरंच करपत होतं. आत बसलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

काकू मात्र ह्या सगळ्याला विटलेल्या होत्या. मला म्हणायच्या, "बत्तीस वर्षं झाली गो लग्नाला. आमटी चांगली झालीय, असं एकदा म्हणाले असतील तर शपथ. एक घास नाक दाबून घेतात, एक नाक सोडून घेतात, आणि म्हणतात, नाकाचा वाटा जास्त आहे. आता ही स्तुती की तक्रार, तूच सांग." मी काय सांगणार? मला जेवणाचं ताट त्यांच्याकडूनच येत होतं.

गावात चाळिशीतली कितीतरी माणसं सरांचा विषय निघाला की आपोआप नाकाला हात लावायची. शाळेत सर त्यांना डोळे मिटून, नाक दाबून एक तुकडा आंबापोळीचा आणि एक फणसपोळीचा खायला द्यायचे आणि कुठला कशाचा ते ओळखायला लावायचे. कोकणातली पोरं, जन्म गेला त्या पोळ्या खाण्यात, पण नाक दाबलं की भल्याभल्यांची दांडी उडायची. मग सर सांगायचे, "जिभेवर फार विसंबू नका. ती भोळी आहे. तिला जे पोचतं तेच ती सांगते, आणि काय पोचवायचं ते दुसरेच ठरवतात." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी शंभरदा तरी ऐकलं असेल. आणि त्याच वाक्यावर ते स्वतः कसे आपटले, ते मला सांगायचं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आबांचं सोड्याचं दुकान होतं. गोटीचा सोडा. जाड हिरवट बाटल्या, हाताने फिरवायचं जुनं यंत्र आणि शेजारी गॅसचा सिलिंडर. आबा एकटेच सगळं करायचे. बायको वारलेली, मुलगा मुंबईला नोकरीला. तो दर गणपतीत येऊन "बाबा, बस झालं आता, चला माझ्याकडे" म्हणायचा आणि आबा दर गणपतीत त्याला दोन डझन बाटल्या देऊन परत पाठवायचे. दुकान हेच त्यांचं घरदार होतं.

त्या दुकानात एक रीत होती. संध्याकाळी सहाला नव्या भरलेल्या बाटल्यांमधली पहिली बाटली सरांसाठी फुटायची. सर एक घोट घ्यायचे, तोंडात धरायचे, आणि मान हलवली की मग बाकीची गिऱ्हाइकं ग्लास उचलायची. ही रीत उगाच पडली नव्हती. फार वर्षांपूर्वी एकदा सिलिंडरच्या गॅसला तेलाचा वास येतोय असं सरांनी पहिल्याच घोटाला ओळखलं होतं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नव्हतं, पण आबांनी सरांच्या शब्दावर भरलेल्या सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या. नंतर तपासलं तर सिलिंडर खरंच खराब निघाला. तेव्हापासून आबांचा सोडा आणि सरांची जीभ अशी जोडी झाली. मी स्वतः मेडिकलमधून सुटले की लिंबू सोडा प्यायला तिथे थांबायचे, आणि खोटं कशाला सांगू, सरांनी मान हलवेपर्यंत मीही ग्लास हातात धरून उभी राहायची.

माझ्या दुसऱ्या वर्षी सरांना काचबिंदू निघाला. डोळ्यांतला दाब फार वाढला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं आणि तोपर्यंत दाब आटोक्यात राहावा म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्या आमच्याच दुकानातून मीच आणून द्यायची. काउंटरवर सांगतात तसं मी सांगितलंही, "बोटांना मुंग्या येतील, लघवीला सारखं जावं लागेल, घाबरू नका." मुंग्या आल्या, तेव्हा सर खूश झाले. औषध लागू पडतंय म्हणाले.

आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी आबांच्या दुकानात घोट घेतला आणि मान हलवली नाही.

"आबा, गॅस कमी पडलाय."

आबांनी दुसरी बाटली फोडली. सर म्हणाले, "हीसुद्धा." दुसऱ्या दिवशी आबांनी यंत्र उघडून साफ केलं, वायसर बदलले, गॅस नेहमीपेक्षा वाढवून भरला. सरांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी तर दुकानात सात-आठ माणसं असताना म्हणाले, "आबा, हे धुण्याचं पाणी आहे. तुम्हाला परवडत नसेल तर तसं सांगा, पण माणसांना फसवू नका."

आबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते फडकं घेऊन तेच टेबल पुसत राहिले.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, संताप यावा अशी गोष्ट पुढेच झाली. सरांनी म्हटलं म्हणून सगळ्यांनाच सोडा पाणचट लागायला लागला. काल-परवापर्यंत जो पिऊन ढेकर देत होते तोच पिऊन लोक तोंडं वाकडी करायला लागले. "आबांनी गॅसात काटकसर चालवलीय." "म्हातारपणी बुद्धी फिरली." आठवड्याभरात दुकान ओस पडलं. मी गेले तर आबा रिकाम्या बाकड्यावर बसले होते.

"चाळीस वर्सं सोडा भरतोय मी," ते म्हणाले. "दुसरा कोन बोलला असता तर मी भांडलो असतो. पन सरांची जीभ खोटं सांगनार नाय. म्हंजे माझ्याच हातात काय तरी बिघाड हाय. मुलाला कळवलंय, येतो म्हनून. यंत्राला गिऱ्हाईक बघितलंय."

मी त्यांच्याकडून एक सोडा मागून घेतला आणि मुद्दाम लक्ष देऊन प्यायले. झणझणीत. नाकातोंडातून कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. मी तापट आहे असं आमची आई म्हणते, आणि ते खरं आहे. तशीच ताडताड घरी गेले. सर पडवीत पेपर वाचत होते.

"सर, तुम्ही त्या माणसाचं वाटोळं केलंत," मी म्हटलं. "सोडा उत्तम आहे. मी आत्ता पिऊन आले. आबा दुकान विकून मुंबईला चाललेत."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सर चिडले नाहीत. पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "तू म्हणतेस चांगला, मी म्हणतो वाईट. मग परीक्षा घेऊ."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरांनी आबांकडच्या चार बाटल्या मागवल्या. दोन सकाळीच फोडून उघड्या ठेवल्या, म्हणजे त्यातला गॅस उडून जाईल. दोन संध्याकाळी ऐनवेळी फोडल्या. चार स्टीलचे पेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. डोळे बांधायचे आणि ताजा कुठला, शिळा कुठला ते सांगायचं. आधी मी, मग काकू, मग पलीकडचे एक शेजारी, जे आबांच्या सोड्याला सगळ्यात जास्त नावं ठेवत होते. तिघांनीही चारपैकी चार बरोबर ओळखले. डोळे बांधलेले असताना शेजाऱ्यांना ताजा सोडा एवढा लागला की ठसका आला.

मग काकूंनी सरांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. पहिला पेला. "शिळा." दुसरा. "शिळा." तिसरा घेऊन ते बराच वेळ थांबले. "बुडबुडे फुटतायत ते कळतंय. पण टोचत नाही." चौथा घेतला आणि म्हणाले, "चारही शिळे आहेत. तुम्ही मला फसवताय."

काकूंनी पंचा सोडला. सरांनी स्वतःच्या हाताने एकेका पेल्याखालची चिठ्ठी काढून वाचली. शेजारी चपला घालून गुपचूप निघून गेले.

त्या संध्याकाळी मला सरांची कीव आली आणि भीतीही वाटली. ज्या जिभेवर ते जन्मभर जगले तीच गेली की काय, असं मला वाटलं, आणि त्यांनाही तेच वाटत होतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि एकामागून एक डबे उघडायला लागले. मीठ, साखर, चिंच, मिरची, कारल्याची फोड, कोकम, सगळं जिभेवर ठेवून बघितलं. काकू नुसत्या बघत होत्या. एरवी त्या ओरडल्या असत्या.

"सगळं कळतंय," सर म्हणाले. "आंबट कळतंय, कडू कळतंय. वासही जागेवर आहेत. मग सोडाच का कळत नाही?"

ते जेवलेही नाहीत. पडवीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारावर थाप. सर उभे, हातात गोळ्यांची पट्टी.

"गो, ही गोळी डोळ्यात नेमकं काय करते?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "डोळ्यातलं पाणी तयार होणं कमी करते. एक एन्झाइम बंद पाडते."

हे बोलल्याबरोबर माझी झोप उडाली. सर माझ्याकडे बघत होते. "कुठलं एन्झाइम?"

मी ट्रंकेतून माझं डी.फार्म.चं पुस्तक काढलं. पान सापडेपर्यंत सर दारातच उभे. कार्बोनिक अॅनहायड्रेज, मी वाचलं. सरांनी भिंतीला हात टेकला आणि हळूहळू, वर्गात फळ्यासमोर बोलावं तसं बोलायला लागले. "हे एन्झाइम गॅस आणि पाण्याचं आम्ल करतं. सोड्यात काय असतं? गॅस आणि पाणी. म्हणजे बाटलीतला सोडा टोचत नाहीच. तो जिभेवर आला की हे एन्झाइम त्याचं आम्ल करत असणार, आणि ते आम्ल टोचतं. गोळी मी घेतली डोळ्यासाठी. पण रक्तातून ती जिभेवरही पोचली आणि तिथलंही एन्झाइम बंद पाडून बसली."

पानाच्या तळाशी, दुष्परिणामांच्या बारीक अक्षरात, चवीत बदल असं लिहिलेलंही होतं. ते मी परीक्षेला पाठ केलं होतं आणि काउंटरवर सांगायला विसरले होते. मी तसं सरांना सांगून टाकलं. मला रडूच आलं. आबांच्या दुकानाला टाळं लागायला मीही तेवढीच कारण होते.

सर म्हणाले, "तू विसरलीस. मी तर शिकवत होतो." आणि मग ते हसायला लागले. एवढे मोठ्याने की काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. "अगो, माझी जीभ शाबूत आहे," सर त्यांना म्हणाले, "नुसती संपावर गेलीय." काकू मटकन पायरीवर बसल्या. रात्रभर त्यांच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तेव्हा कळलं. मी दुकानातून डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते सहज म्हणाले, "हो, ह्या गोळीवर सोडा, कोल्ड्रिंक पाणचट लागतात असं सांगणारे पेशंट असतात. गोळी मात्र बंद करायची नाही हं." ऑपरेशन पुढे महिन्याभराने झालं, गोळ्या थांबल्या, सोडा पुन्हा टोचायला लागला. ते सगळं यथास्थित पार पडलं. पण तेव्हा प्रश्न त्या दिवसाचा होता. आबा परवाच्या गाडीने निघणार होते.

संध्याकाळी सहाला सर इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मला आणि काकूंना बरोबर घेतलं. वाटेत त्या शेजाऱ्यांना हाक मारली, वाण्याच्या दुकानात बसलेल्या चौघांना उठवलं, जो दिसेल त्याला "चला, आबांकडे काम आहे" म्हणाले. सरांना नाही कोण म्हणणार? पंधरा-वीस माणसं झाली.

आबा बाटल्या पेटीत भरत होते. एवढी माणसं बघून घाबरले. आणखी काय ऐकवायला आलेत, असा चेहरा.

सर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "मी ह्यांना सगळ्यांसमोर फसवे म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. चूक माझी आहे. मी डोळ्यांसाठी गोळी घेतो, त्या गोळीने मला सोड्याची चव कळत नाही. इतकी साधी गोष्ट मला कळायला हवी होती. दुसऱ्या कुणावर हा प्रसंग आला असता तर मी त्याला आधी विचारलं असतं, बाबा रे, औषध कसलं घेतोस? स्वतःला विचारलं नाही. आणि तुम्हाला पाणचट लागला तो मी सांगितलं म्हणून. त्यालाही मीच जबाबदार. आबा, मला माफ करा."

सरांना असं कुणाची माफी मागताना काकूंनीही कधी बघितलं नव्हतं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आबांनी पेटीत भरलेली एक बाटली बाहेर काढली, गोटी दाबली, ग्लास भरला आणि सरांपुढे ठेवला.

सरांनी ग्लास उचलला. नेहमीसारखा तोंडात धरला नाही, थांबले नाहीत. घटाघटा अख्खा ग्लास संपवला आणि खाली ठेवला.

"कसा लागला?" आबांनी विचारलं.

"धुण्याच्या पाण्यासारखा," सर म्हणाले. "आणि सोडा उत्तम आहे."

आबा हसले की रडले ते मला सांगता यायचं नाही. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग आनखी एक देऊ?"

"द्या," सर म्हणाले, आणि तोही संपवला.